नर मिळेपर्यंत

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी सकाळी कॉलेजात शिरले, तर मागच्या व्हरांड्यात माझ्या बाटल्या उन्हात वाळत ठेवलेल्या. धुऊन लख्ख. प्रत्येकीच्या पोटावर चंदनाचं बोट आणि त्यात कुंकू. दिसत होत्या छान, खोटं कशाला बोलू? काचेतून पलीकडचा कडुलिंब दिसत होता. इतक्या वर्षांत त्या बाटल्यांतून पलीकडचं काही दिसल्याचं मला आठवत नाही. आत स्पिरिट, स्पिरिटात बारक्या नळ्या, नळ्यांत जंत, आणि सगळ्यावर पातळ चहासारखा पिवळा रंग. मी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले. फिनेलचा वास येत होता. कामाक्षी ओले हात पुसत बाहेर आली, पदर खोचलेला, परीक्षेत पहिली आल्यासारखा चेहरा. ती आमच्या प्राणिशास्त्र विभागाची अटेंडर. मी इथे लागले त्याच्या मागोमाग ती लागली, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या नशिबी आहोत. "बघा मॅडम," ती म्हणाली, "जुनं पाणी सगळं ओतून टाकलं. दोन दिवसांनी खोली कॉम्प्युटरवाल्यांना द्यायची ना? पूजेला तरी स्वच्छ असू दे." मी विचारलं, "आतल्या नळ्या?" "त्या बारक्या? टाकल्या. किडे होते त्यांत."

किडे होते त्यांत. ऐयो कामाक्षी. मी भिंतीला हात लावला. ओरडले नाही. ओरडायला जोर लागतो, आणि तो अलीकडे कुठे जातो मला कळत नाही. सकाळी उठते तेव्हाच थकलेली असते. मी फक्त म्हटलं, "कुठे टाकल्या?" तिने कडुलिंबाच्या मागे बोट दाखवलं आणि माझं तोंड पाहून तिचं बोट तसंच हवेत राहिलं.

मी जंत ओळखते. हाच माझा धंदा. रानातल्या उंदरांच्या आतड्यात जे जंत असतात, ते काढायचे, गरम स्पिरिटात टाकायचे म्हणजे वळवळताना अंग आकसून न घेता ताठ मरतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायचे की हा कुणाचा, कुठल्या कुळातला, आधी कुणी पाहिलाय की नाही. लोक म्हणतात डोंगर पोखरून उंदीर काढला. मी उंदीरसुद्धा पोखरला आणि जंत काढला. आमची आई वेंकूबाई जिवंत होती तोवर तिने मला पुढच्या दारातून घरात येऊ दिलं नाही. परसातून यायचं, विहिरीपाशी उभं राहायचं, आणि ती लांबून तांब्याने पाणी ओतणार. "उंदराचें पोट चिरून आलीस, आधीं नाहा." सोवळं तिचं, पाणी तिचं, आणि थंडीत कुडकुडायची मी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत मराठी घरं ती किती, सगळी एकमेकांत गुंतलेली. लग्नात, मुंजीत कुणी म्हातारी मला पाहून शेजारणीला विचारणारच, "ही कोणाची?" म्हणजे बायको कोणाची, सून कोणाची. शेजारीण सांगणार, "वेंकूबाईची. ही ती उंदीरवाली." म्हातारी म्हणणार, "अगो बाई," आणि माझ्याकडे दयेने बघून ताटातला कोशिंबिरीचा घास घेणार. मला राग येत नसे. मी रोज हेच तर करते, मी स्वतःशी म्हणायची, एकेकाला बशीत घेते आणि विचारते, तू कोणाची?

वालपारैच्या वरच्या रानात मिरे खाणारा एक झाडावरचा उंदीर आहे, शेपटीला झुबका, पाठीवर काटे. तिथले लोक त्याला मिऱ्याचा उंदीर म्हणतात. तो ताडीवर जीव टाकतो. रात्री माडावर चढून मडक्यात उतरतो आणि तर्र होऊन त्यातच बुडून मरतो. ताडी काढणारे मला ते उंदीर ठेवून द्यायचे, मला बघून हसायचे, कारण अशी बाई त्यांनी पाहिली नव्हती, जी कांदासुद्धा खात नाही आणि ताडीत मुरलेले उंदीर पिशवीतून घेऊन बसने तंजावूरला जाते. त्या उंदराच्या मोठ्या आतड्यात मला एक पांढरा जंत सापडला, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. पहिल्या नजरेतच कळलं, हा कुठल्याच पुस्तकात नाही. डोक्याचा आकार वेगळा, अंडी वेगळी. माझ्या अंगावर काटा आला होता, ते अजून आठवतं. मी धावत तिरुवैयारूला सरांकडे गेले. सर म्हणजे सीतारामराव, मद्रासला माझे गाईड होते, निवृत्त होऊन आपल्या गावी आले होते. त्यांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "नवा आहे खरा. पण नागू, ह्या अवघ्या माद्या. नर कोठें?"

आमच्या शास्त्रात हे असं आहे. माद्या कितीही मिळोत, ओळख पटते ती नरावरून. नराची शेपूट कशी वळते, पोटावर उंचवटे किती, त्याची ती टाचणीसारखी सुई किती लांब, यावरून जात ठरते. नुसत्या मादीला नाव देणं म्हणजे घाई, अडाणीपणा, सरांच्या भाषेत पोरकटपणा. आणि ह्या जंतांचा नर म्हणजे काय, तर मादीच्या पाव आकाराचा, डोळ्याला न दिसणारा, आणि आयुष्य थोडं. काम झालं की मरतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. मादी मागे राहते अंडी घेऊन. ते बाहेर पडून गेलेलं ध्यान शोधायला मी सोळा वर्षं घालवली. दर सुट्टीत वालपारैची घाटवळणं, बसमध्ये ओकाऱ्या, खोलीत जळवा, आणि परत आले की सरांचा एकच प्रश्न, नर मिळाला? नाही सर. बरें, मिळेपर्यंत थांब. मी थांबले. मला थांबायची सवय होती. आमच्यात मामाचा भाचीवर पहिला हक्क. माझ्या आईचा धाकटा भाऊ रघुराम, मी पाळण्यात असतानाच ठरलेलं, त्याचं शिक्षण होईपर्यंत थांबा, नोकरी लागेपर्यंत थांबा, पक्की होईपर्यंत थांबा. मग तो बंगळूरहून बायको घेऊनच आला, बिचारी चांगली होती, मला अक्का म्हणाली. मामाला दोष द्यावा असंही वाटलं नाही. फक्त तोवर बाकीची स्थळं संपली होती. कशात काय अन् फाटक्यात पाय, असं आई म्हणाली आणि त्या दिवशी तिने माझ्या अंगावर पाणी जरा जवळून ओतलं.

आणि मग या आडी महिन्यात, म्हणजे तमिळांच्या आषाढात, नर मिळाला. एकच. पोटातला मळ गाळून गाळून बशीत पाहत होते, आणि माद्यांच्या घोळक्यात एक बारीक, शेपूट वळलेला. मी खुर्चीवरून उठले, खोलीभर फिरले, परत बसले. तो तिथेच होता. पोटावर उंचवटे, सुई, सगळं. दुपारभर पाहिला, आणि दुपारच्या चहाला कामाक्षीने हाक मारली तेव्हा मला रडू आलं, तिला वाटलं घरी कुणी गेलं. खरं तर त्याच दिवशी बसून त्याचं चित्र काढायला हवं होतं. सूक्ष्मदर्शकाला आरसा लावायचा, त्यातून कागदावर छाया पाडायची, पेन्सिल फिरवायची. आमच्यात ज्याचं चित्र नाही त्याला कुणी पाहिलेलं नाही. पण मी सरांना कळवलं, आणि सर म्हणाले, "आडींत नवें कांहीं आरंभूं नये, गे. अशी वस्तु जन्मांत एकदां मिळते. मुहूर्तावर काढ." आडी संपला तर सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. त्यांना नव्या डोळ्याने आधी स्वतः पाहायचा होता. मग पितृपक्ष लागला. शेवटी ठरलं, विजयादशमी. त्या दिवशी पाटीवर पहिलं अक्षर काढतात, वीणेवर पहिला सूर, मग आपणही त्या दिवशी जंत काढू. सर गाडी करून कॉलेजात येणार होते. हसू नका. आम्ही दोघं शिकलेसवरलेले, लॅटिन नावं तोंडपाठ, आणि उंदराच्या पोटातल्या जंताला पंचांग बघत होतो. आमच्या गल्लीतलं कुणीही हेच केलं असतं. नर मी नळीत घातला, नळीला कापसाचं बूच, ती नळी तिसऱ्या फळीवरच्या मोठ्या बाटलीत, जिच्या तोंडाचा टवका उडालेला होता. रोज येऊन एकदा त्या बाटलीवर हात ठेवायची. देवाला ठेवतात तसा.

मी कडुलिंबामागे गेले. साडी खोचली आणि ढिगाऱ्यात बसले. पानं, खडूचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, आणि मधे मधे काच. कामाक्षी शेजारी येऊन उकिडवी बसली, काही न विचारता शोधायला लागली. तिने काम नीटच केलं होतं, हे तिचं कायमचं. भंगारवाला काच वेगळी मागतो म्हणून नळ्यांतला कापूस उपसून एकीकडे टाकलेला, नळ्या एकीकडे. कापूस कोरडा ठणठणीत, त्याला काही चिकटलं असेल तर तेही सुकून गेलेलं. प्रवीणकुमार, आमचा नवा कॉम्प्युटरचा लेक्चरर, वरच्या मजल्यावरून बघत होता, नाकाला रुमाल बांधून. सुरतेला प्लेग आल्यापासून तो मला पाहिलं की रुमाल बांधतो. सगळ्यांचंच तसं. पेपरात तोंडं बांधलेल्या माणसांचे फोटो आले, तंजावूरच्या औषधाच्या दुकानांतून गोळ्या संपल्या, आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आधीच मी उंदीरवाली, त्यात प्लेग. "मॅडम, ते इन्फेक्शियस नाही ना?" तो वरून म्हणाला. मी म्हटलं, "सोळा वर्षं झाली. लागायचं असतं तर मला लागलं असतं." मुलगा वाईट नाही. त्याला आठ यंत्रं मिळाली आहेत, खोलीला एसी मिळणार आहे, मुली त्याच्या वर्गाला रांगा लावतात. माझ्या जंतांना सोळा वर्षं पंखा नव्हता. पण मी त्याचा हेवा करायलाही थकले आहे.

एक नळी मिळाली. तिचं बूच फुगून असं घट्ट बसलं होतं की कामाक्षीला उपसता आलं नाही, म्हणून तिने तशीच भिरकावली होती. आत स्पिरिट होतं, आत माद्या होत्या, पांढऱ्या, शांत. नराची नळी पण मिळाली. तिच्यातली माझ्या हातची पेन्सिलीची चिठ्ठी काचेला चिकटलेली होती. बाकी काही नव्हतं. मी ती उलटी करून तळहातावर ठोकली, जशी पोरं पेपरमिंटची रिकामी डबी ठोकतात. तळहात नुसता पांढरट दिसला, ती माझीच कातडी. "मोठा किडा होता का मॅडम?" कामाक्षीने हळूच विचारलं. मी नखाचं टोक दाखवलं, मग तेही फार वाटलं म्हणून हात खाली घेतला. "त्याला नाव होतं?" "नाही. परवा द्यायचं होतं." ती रडायला लागली, मोठ्याने, छाती बडवत, मयताला रडतात तसं. तिचा नवरा मुलगी पोटात असताना सिंगापूरला गेला तो गेलाच, त्याच्यासाठी ती अशी रडल्याचं मला आठवत नाही. अजून कपाळभर कुंकू लावते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला तिचा राग यायला हवा होता. आत शोधला, सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून स्टाफरूममधली पूजा त्याच दुपारी उरकली. सूक्ष्मदर्शकांना चंदन, तराजूला चंदन, कात्र्यांना चंदन, आणि प्रसादाचे कुरमुरे, फुटाणे, गूळ कशात, तर माझ्या बाटल्यांत. स्वच्छ आहेत, झाकणाच्या आहेत, कामाक्षीने पाण्यात उकळल्या आहेत, मग का नको? बैल गेला अन् झोपा केला, तो झोपा निदान रिकामा तरी असतो, इथे त्यात कुरमुरे भरलेले. टवका उडालेली बाटली मी लगेच ओळखली. सगळ्यांनी हात पुढे केले. मी नको म्हटलं, पोट ठीक नाही म्हटलं, आणि तेही खोटं नव्हतं.

तिथून तशीच जुन्या स्टँडवर गेले आणि तिरुवैयारूची बस धरली. सरांना सांगायचं होतं. फोन केला असता, पण फोनवर गंगाबाई येतात, त्यांची बायको, आणि त्या आधी जेवलीस का विचारतात. खिडकीशी बसले. नद्या एकामागून एक येतात या रस्त्याला, पूल, मग थोडी शेतं, मग पुन्हा पूल, आणि प्रत्येक पुलावर मला वाटत होतं की आता वाक्य जुळेल. सर, नर गेला. सर, बाटल्या धुतल्या. सर, तुमचं नाव राहिलं. कारण खरं दुखणं तेच होतं. आमच्या धंद्यात शिष्टाचार असा की नव्या जिवाला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, दुसऱ्याने द्यायचं. सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं दिली, आपल्या गुरूंचं, गुरूंच्या गुरूंचं, एका साहेबाचं. त्यांचं कुणी दिलं नाही. मूल नाही. नाव चालवायला कुणी नाही म्हणून आता एक जंत चालवणार होता. ते स्वतः हे कधी बोलले नाहीत, पण ऑपरेशनच्या आधी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं होतं, "इंग्रजींत माझें नांव एक 'ए' घालून लिहिशील कीं दोन?" ते ऐकून मला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले होते. माझ्यासाठीही तेच होतं म्हणा. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. एवढी वर्षं काय केलंस, कुणी विचारलं तर दाखवायला एक नाव.

सर ओसरीवर खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. आत गंगाबाईंचा बाहुल्यांचा कोलू मांडलेला, उदबत्ती, फोडणीच्या हरभऱ्यांच्या सुंडलचा वास. "कोण? नागू? काय गे, परवांची गाडी ठरवली मीं. पांढरी." मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले आणि म्हटलं, "सर, नर गेला."

"गेला म्हणजे?"

"धुऊन गेला. आयुधपूजेसाठी बाटल्या धुतल्या."

रस्त्यावरून गुळाची बैलगाडी गेली, तिच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली. मग म्हणाले, "तूं पाहिलास ना तो?"

"पाहिला."

"उंचवटे किती?"

"तीन."

"शेपूट?"

"वळलेली, सर. आत."

"आणि काढला नाहींस."

"तुम्ही विजयादशमी म्हणालात."

"होय," ते म्हणाले. "म्हणालों खरा." त्यांचा हात खुर्चीच्या हातावर पुढे गेला, मागे आला. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, माझं चुकलं किंवा आपलं चुकलं, आणि मी ते ऐकायला पुढे झुकले. "सरि, बरें," ते म्हणाले. "दुसरा मिळेल. थांब."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी म्हटलं, "सर, मी आता घाट चढू शकत नाही. माद्या आहेत माझ्याकडे, चांगल्या आहेत. मी त्यांच्यावरच लिहिते. तुमचं नाव देते."

"नुसत्या माद्यांवर?" ते सरळ बसले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज माझ्यावर चढला नव्हता. "मी मेल्यावर लोकांनीं मज हसावें म्हणून? अर्ध्या वस्तूस माझें नांव नको, नागू. नर मिळेपर्यंत थांब."

मला लागलं. फार लागलं. नाव नको म्हणाले त्याचं नाही. पण ते 'अर्धी' असं सहज म्हणाले, पानात वाढलेला भात थोडा म्हणावा तसं. सोळा वर्षं मी त्या माद्या पाहिल्या होत्या. त्यांच्या अंड्यांची ठेवण, ओठांचा आकार, आतून जाणारी आतड्याची नळी, सगळं मला घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं. त्यांत कुठे काही अर्धं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि सवयीने बाहेर पडलं, "बरं सर. थांबते." आणि उठले.

दारात गंगाबाईंनी अडवलं. हातात तांबूल, कुंकवाचा करंडा. नवरात्रात तांबूल सवाष्णींना देतात आणि कुमारिकांना. माझ्यापाशी आलं की बायका घुटमळतात, पांढऱ्या केसांच्या कुमारिकेचं काय करायचं त्यांना ठरवता येत नाही. गंगाबाई घुटमळल्या नाहीत. कपाळाला कुंकू टेकवलं, पानसुपारी ओटीत घातली आणि मला ओढून अंगणाच्या टोकाला नेलं, जिथे आतलं ऐकू जात नाही. "ऐकिलें मीं अवघें," त्या म्हणाल्या. "ह्यांस थांबायची हौस. पन्नास वर्षें बघत्यें. थांबतात हे, आणि उभी राहत्यें मी." मी हसले, त्याही हसल्या, मग त्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला, लहानपणी काढतात तसा, दुखेलसा. "तूं लिही. रागावतील. रागावूं देत. जेवलीस का?"

परतीच्या बसमध्ये बसायला मिळालं नाही. दांड्याला धरून उभी होते, ओटीतली पानं सांभाळत. सरांच्या वयाला थांबणं परवडतं, असं मला उगीच वाटत होतं. त्यांनी मरण कधी हिशेबातच धरलं नाही. आणि मी, जिच्या पुढे त्यांच्याहून जास्त वर्षं असायला हवीत, मी मात्र इतकी दमले होते की बस कुठे थांबली आणि कुठे निघाली तेही कळत नव्हतं. नर होता. मी पाहिला होता. पण आता तो मला तरी नक्की आठवतो का? उंचवटे तीन की चार? डोळे मिटले की शेपूट एकदा आत वळायची, एकदा बाहेर. रघुरामाचं तोंड आठवायला गेले की असंच होतं, नाक कुणाचं, डोळे कुणाचे. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याच्याबद्दल शपथेवर सांगता येईल असं माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं. माद्या मात्र पिशवीत होत्या, नळीत, बूच घट्ट.

विजयादशमीला कॉलेजात खूप गर्दी होती. प्रवीणकुमारच्या यंत्रांना झेंडूच्या माळा, काचेच्या पडद्यावर मधोमध कुंकू, प्रिन्सिपॉलबाईंनी नारळ फोडला आणि पहिली कळ दाबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. माझं टेबल आता जिन्याखाली आलं आहे. कामाक्षीने ते पुसून ठेवलं होतं, दिवा लावून ठेवला होता. सर आले नाहीत. सूक्ष्मदर्शकाला चंदन लावायचा मान त्यांचा होता, ते मीच लावलं. मादी काचेवर घेतली, आरसा बसवला, कागद लावला. पेन्सिल फिरायला लागली आणि डोक्यातली गर्दी हळूहळू कमी झाली. डोकं काढलं, ओठ काढले, आतडं काढलं, अंडी काढली, एकात एक बसलेली. वर जिन्यावरून पोरींचे पाय धावत होते. मला फार दिवसांनी भूक लागली.

कामाक्षी खांबाला टेकून बघत होती. "किती वेळ झाला, मॅडम. नाव ठेवलं का?"

"ठेवलं."

"काय?"

"तुझं."

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मी चेष्टा करते का म्हणून. "किड्याला? माझं?" "उंदराच्या आतड्यातल्या किड्याला," मी म्हटलं. "पुस्तकात छापून येईल, लॅटिन शेपूट लावून. कायमचं." ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत हसली, मग पदर पुन्हा खोचला. "रेशनकार्डसुद्धा माझ्या नावावर नाही, मॅडम," ती म्हणाली. "ते अजून त्यांच्याच नावावर आहे." मग थोड्या वेळाने, कागदाकडे हनुवटी करून, "आता काय लिहिताय?"

वर्णन लिहायचं असतं तेव्हा आधी मादी लिहितात, मग नर. मादीची दोन पानं झाली होती. खाली नराची जागा. मी तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं, कारण तिला इंग्रजी येत नाही आणि मला मराठीत ते म्हणवेना. नर, अज्ञात.

"असं लिहिलं तर चालतं?" कामाक्षीने विचारलं.

"लिहिलं ना," मी म्हटलं, आणि पूर्णविराम दिला. टेबलाच्या कोपऱ्यात ती टवक्याची बाटली होती, तळाशी प्रसाद उरलेला. मी झाकण काढलं, हात आत घातला आणि मूठभर कुरमुरे घेतले. सादळले होते. मी ते खाल्ले, आणि बाटली कामाक्षीपुढे धरली.